घाटेअळी, आंब आणि माझं प्रथिन

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन येतो तो रात्री नऊनंतर, जेवणं उरकल्यावर. हरभरा घाट्यात असला की रोज येतो. यंदा पौष लागला तेव्हाची गोष्ट. एका रात्री त्यांनी "कशी हायेस" वगैरे काही न विचारता थेट सुरुवात केली, "माय, तुझं ते औषध मारून चार दिस झाले. अळ्या अजून घाटे फोडायल्यात. निस्तं पाणीच मारलं का काय मी?"

औसा तालुक्यात आमची सहा एकर जमीन आहे. सोयाबीन निघालं की त्यातल्या चार एकरांत हरभरा. दादा ज्याला औषध म्हणतात ते एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला होणारा एक रोग, बाटलीत भरलेला. आणि "तुझं" अशासाठी की गेली सहा वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत त्याच विषाणूच्या प्रथिनांवर काम करते. बाटली कुणीही बनवलेली असो, आमच्या घरी ते माझंच औषध. लागू पडलं तर पोरीचं नाव, नाही पडलं तरी पोरीचंच.

त्या रात्री मी दादांना म्हटलं, "अजून तीन दिवस थांबा." पण चार दिवस अळी का खाते, हे त्यांना फोनवर नीट सांगता आलं नाही. ते सांगावं म्हणून हे लिहायला घेतलं. दादा वाचतील, आई त्यांना वाचून दाखवेल, आणि आमच्यासारखा हरभरा करणारी इतर घरंही वाचतील अशी आशा आहे.

सुरुवात प्रयोगशाळेतल्या स्वयंपाकापासून करते, कारण माझा दिवस तिथूनच सुरू होतो. घाटेअळी प्रयोगशाळेत वाढवायची तर तिला हरभऱ्याचंच पीठ लागतं. बेसन, यीस्ट, जीवनसत्त्वं, बुरशी येऊ नये म्हणून थोडी रसायनं, आणि हे सगळं धरून ठेवायला अगार. अगार उकळवून त्यात बेसन कालवलं की जो वास येतो तो थेट आमच्या चुलीवरच्या पिठल्याचा असतो. पहिल्या वर्षी तो वास आला की मला घरची आठवण यायची. मिश्रण गार झालं की वड्या पाडतो आणि एकेका छोट्या बाटलीत एकेक वडी, एकेक अळी. एकेकच, कारण ही अळी आपल्याच भावंडांना खाते. दोन मोठ्या अळ्या एका बाटलीत ठेवल्या तर सकाळी एकच सापडते, आणि तीही जखमी.

अळी योग्य वयाची झाली की वडीवर विषाणूचं पाणी पसरायचं आणि वाट पाहायची. पहिले दोन दिवस काहीच कळत नाही. मग ती फिकट पडते, अंगावर एक तेलकट चकाकी येते, हालचाल मंदावते. पाचव्या ते सातव्या दिवशी मरते. हात लावला की कातडी फुटते आणि आतून दुधाळ करडा द्रव बाहेर येतो. त्याचा वास मी वर्णन करणार नाही, पण ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. ह्या द्रवाचा एक थेंब पाण्यात पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की भिंगात चमचमणारे कण दिसतात, एकसारखे, कोन असलेले, जणू बारीक खडीसाखर. साधारण एक-दोन मायक्रॉनचे. एका भरलेल्या अळीतून ते अब्जांनी निघतात. बाटलीवर "एल.ई." असं लिहिलेलं असतं ना, ते "लार्व्हल इक्विव्हॅलंट", म्हणजे एका अळीएवढा माल. एक एल.ई. म्हणजे सहाशे कोटी कण, असा हिशोब ठरलेला आहे. हेक्टरी ५०० एल.ई. फवारलं तर तीन लाख कोटी कण शेतात जातात, दर चौरस मीटरला तीस कोटी. दादांना हा आकडा सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आन् एक अळी किती खाती त्यातले?" चांगला प्रश्न आहे. अळी लहान असेल तर मोजके कण पुरतात. मोठी झाली की त्याच अळीला कित्येक पट लागतात. म्हणून अळी दोऱ्याएवढी असतानाच फवारा मारा, असं सांगतात.

आता ह्या खडीसाखरेकडे येते, कारण माझं सगळं काम तिच्याभोवतीच चालतं.

तो कण म्हणजे विषाणू नव्हे, विषाणूची पेटी आहे. पॉलिहेड्रिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या असंख्य रेणूंनी रचलेला तो स्फटिक असतो आणि विषाणू त्यात गाडलेले असतात, चिक्कीत शेंगदाणे असतात तसे. पॉलिहेड्रिन लहानसं आहे, जेमतेम २४५ अमिनो आम्लांचं. पण रेणू एकमेकांत असे घट्ट बसलेले असतात की मेलेल्या अळीतून मातीत पडलेला स्फटिक पुढच्या हंगामापर्यंत, सावलीत आणि मातीआड राहिला तर वर्षानुवर्षंही, टिकून राहतो. असे कण रेशमाच्या किड्यांत १८५६ साली इटलीत माएस्त्री आणि कोर्नालिया यांनी पाहिले होते. विषाणू ही कल्पनाच तेव्हा जन्मली नव्हती. आणि त्या स्फटिकातला अणूनअणू कुठे बसलाय हे कळायला २००९ साल उजाडलं. इतक्या सूक्ष्म स्फटिकावरून क्ष-किरण पाठवून चित्र मिळवायचं तर सिंक्रोट्रॉनसारखं अवाढव्य यंत्र लागतं.

माझ्या दुसऱ्या वर्षी मला हे प्रथिन शुद्ध करून जेलवर, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थलथलीत पातळ वडीवर, चालवायचं होतं. कृती वाचायला सोपी: अळ्या वाटायच्या, मलमलीतून गाळायच्या, साखरेच्या थरांवर सेंट्रिफ्यूज करायचं. स्फटिकांचा पांढरा पट्टा मधे अडकतो, तो पिपेटने उचलायचा, धुवायचा. मग सोडियम कार्बोनेटच्या अल्कधर्मी पाण्यात घालायचा. दुधासारखं गढूळ पाणी डोळ्यांदेखत नितळ होतं. स्फटिक विरघळला. मला अजूनही ते पाहताना दर वेळी थांबावंसं वाटतं.

पण जेलवर एक ठसठशीत पट्टी यायला हवी होती, तीस किलोडाल्टनच्या (हे प्रथिनांच्या वजनाचं माप) जरा खाली. त्याऐवजी माझ्या जेलवर शिडी यायची. चार, पाच, कधी सहा फिकट पट्ट्या, खाली खाली उतरत गेलेल्या. मी रसायनं बदलली, पाणी बदललं, बाटल्या नव्या आणल्या. तीन महिने गेले. रात्री एकटी जेलसमोर बसून रडले आहे, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मार्गदर्शक बाईंनी एक दिवस जेल हातात घेऊन विचारलं, "विरघळवण्याआधी गरम केलंस का?" मी केलं नव्हतं.

झालं असं होतं: अळीपासून काढलेल्या स्फटिकांबरोबर अळीच्याच देहातलं एक प्रथिन कापणारं विकर चिकटून येतं. स्फटिक सुका किंवा तटस्थ पाण्यात असेतो ते निवांत असतं. अल्कधर्मी पाणी मिळालं की जागं होतं आणि पॉलिहेड्रिनचे तुकडे पाडतं. आधी सत्तर अंशाला अर्धा तास ठेवलं की ते विकर मरतं. पेटी मात्र शाबूत राहते. त्या दिवशी तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी जेल रंगवून धुतलं तर एकच पट्टी, गडद निळी, सरळ. मी फोटो काढून घरी पाठवला. आईने विचारलं, "हे काय, साडीचा काठ?" मी म्हटलं हो, तसंच समज.

प्रयोगशाळेत माझी वैरीण ठरलेली ही गोष्ट अळीच्या पोटात विषाणूच्या कामाची आहे. घाटेअळीच्या आतड्यात पीएच दहाच्या आसपास असतो. आपल्या जठरात आम्ल, तिच्याकडे चुन्याच्या निवळीसारखा रस. पानाबरोबर गिळलेला स्फटिक त्या रसात काही मिनिटांत सुटतो, अगदी माझ्या कार्बोनेटच्या नळीत सुटतो तसा, आणि आतले विषाणू मोकळे होतात. म्हणजे पेटीचं कुलूप अळीच्या पोटात गेल्यावरच उघडतं.

पुढची पायरी मला फार आवडते. मोकळ्या झालेल्या विषाणूच्या अंगावर दहा-एक प्रथिनांचा एक संच असतो. त्यांना पिफ म्हणतात. त्यातलं पहिलं ओळखलं गेलं ते पी-७४. हे एक प्रथिन काढून टाकलं तर अळीने कितीही स्फटिक खाल्ले तरी तिला काही होत नाही. पण अळीच्या शरीरात पेशी-पेशींत पसरणारा विषाणूचा जो दुसरा अवतार असतो, तो सुईने थेट रक्तात सोडला तर पी-७४ नसलं तरी अळी मरते. म्हणजे पी-७४ ही फक्त आतड्याच्या दाराची किल्ली. घरात शिरल्यावर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वेगळी प्रथिनं आहेत. घाटेअळीच्या विषाणूत त्या कामाला एफ नावाचं प्रथिन असतं. ही दाराची किल्ली ठरावीक कीटकांच्याच कुलपाला बसते. मधमाशीला नाही, क्रायसोपा ह्या मित्रकीटकाला नाही, आपल्याला तर नाहीच. गावात मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच आहे, की रोगाचे जंतू फवारतो आणि पोरं ओला हरभरा उपटून खातात, काही होणार नाही ना? पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत हा विषाणू वाढत नाही. मी स्वतः आमच्या शेतातला सोलाणा खाते, फवारलेल्या रानातला.

आता दादांच्या चार दिवसांकडे.

विषाणूला अळी लवकर मारण्यात रस नाही. त्याला अळी मोठी हवी. जितकी मोठी अळी तितके जास्त स्फटिक. अळी कात टाकायच्या आधी खाणं थांबवते, ते एक्डायसोन ह्या संप्रेरकाच्या हुकमाने. विषाणूकडे ईजीटी नावाचं एक विकर आहे. ते ह्या संप्रेरकाला साखरेचा एक रेणू चिकटवतं. साखर चिकटली की संप्रेरक निकामी. कात टाकायचा निरोपच अळीपर्यंत पोहोचत नाही आणि ती खातच राहते. १९८९ साली ओ'रायली आणि लोइस मिलर यांनी हे दाखवलं. ईजीटीचं जनुक काढलेला विषाणू अळीला लवकर मारतो, पण अळीमागे मिळणारे स्फटिक कमी होतात.

म्हणजे दादांच्या डोळ्यांसमोर अळी चार दिवस घाटे फोडत होती ती औषध खोटं होतं म्हणून नाही. विषाणू तिला खायला लावत होता. हे कळलं तरी नुकसान व्हायचं ते होतंच, आणि शेतकऱ्याला राग येणं रास्त आहे. रासायनिक औषधाने संध्याकाळी मारलं की सकाळी अळ्या खाली पडलेल्या दिसतात, त्या सवयीच्या डोळ्याला हे थांबणं कठीण जातं. ह्यावर जगभर उपाय शोधले गेले. चीनमध्ये घाटेअळीच्याच विषाणूत विंचवाच्या विषाचं जनुक घालून शेतात चाचण्याही झाल्या. अळी लवकर लुळी पडते. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला तो रस्ता नको वाटतो. विषाणू आहे तसा असू द्यावा आणि आपण फवारणी चार दिवस आधी करावी. त्यासाठी कामगंध सापळ्यात पतंग मोजावे लागतात, ओळीत वाकून पानाखाली बघावं लागतं. दादा ते करतात. सगळे करत नाहीत, कारण प्रत्येकाकडे तेवढा वेळ आणि माणूसबळ नाही. हेही मला माहीत आहे.

सातव्या दिवशी फोन आला. "माय, उलट्या टांगल्यात."

हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला सांगते. रोगाने मरणारी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली करून लटकते. अंग काळपट, लोंबलेलं. मग फुटते आणि आतला द्रव खालच्या पानांवर ठिबकतो. जिप्सी पतंगाच्या अळीत हे चढणं ईजीटीमुळेच घडतं, असं २०११ मध्ये दाखवलं गेलं. प्रत्येक अळीत आणि प्रत्येक विषाणूत तसंच असतं असं मात्र नाही. घाटेअळीत तिच्या डोळ्यांनी टिपलेल्या उजेडाशी ह्या चढण्याचा संबंध आहे, असं अलीकडच्या कामातून दिसलंय. फुटण्यामागे दोन प्रथिनं असतात: कायटिनेज आणि कॅथेप्सिन. पहिलं कातडीतलं कायटिन कापतं, दुसरं स्नायू आणि मांस विरघळवतं. दोघांपैकी एक जरी नसलं तरी अळी मरते पण फुटत नाही, वाळून जाते. आणि गंमत बघा, कायटिनेजच्या टोकाला चार अमिनो आम्लांची एक खूण असते. त्या खुणेमुळे ते पेशीच्या आतच अडकून राहतं. पेशी फुटेपर्यंत ते बाहेर पडत नाही. घर आधी पडलं तर पीक कुठे साठवायचं? विषाणूने तोडमोड अगदी शेवटासाठी राखून ठेवलेली असते. प्रथिनाच्या शेपटीवरच्या चार अक्षरांत एवढा संयम लिहिलेला असू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी दुपारचं जेवले नव्हते.

आमच्याकडे अशा टांगलेल्या अळ्या वेचून, बादलीत कुस्करून, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून तेच पाणी पुन्हा फवारतात. दादाही करतात. शास्त्राला धरून आहे ते. फक्त अळी मरून सडायला लागण्याआधी वेचावी, नाहीतर बाकीचे जिवाणू वाढतात. आणि गाळ नीट गाळावा, पंपाचं नोझल तुंबतं.

एक तक्रार आहे ती लिहूनच टाकते. मागच्या वर्षी दादांनी तालुक्याच्या एका दुकानातून बाटल्या आणल्या. मी सुट्टीत होते, सोबत गेले. दुकानाच्या मागे पत्र्याचं शेड, दुपारचे दोन, आणि त्या पत्र्याला टेकून खोक्यांची थप्पी. बाटली हातात घेतली तर कोमट लागली. झाकण उघडलं तर आतून फुस्स असा आवाज आणि सडका वास. आत जिवाणू वाढले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, वास तर येणारच, अळीचंच आहे." वास येतो हे खरं, पण हा तो वास नव्हता. सत्तर अंशाला अर्धा तास पेटी टिकते हे मी वर लिहिलंय, पण महिनोन् महिने पत्र्याखालची उष्णता ही वेगळी गोष्ट. आतल्या विषाणूचं काय झालं असेल ते पेटीच्या बाहेरून दिसत नाही. सूक्ष्मदर्शकात कण तितकेच चमकतात. म्हणून नुसते कण मोजून बाटली चांगली की वाईट हे ठरत नाही. अळीला खाऊ घालूनच बघावं लागतं. त्या बाटल्या आम्ही परत केल्या, पैसे मिळाले नाहीत.

उन्हाचं आधी लिहायला हवं होतं. अतिनील किरण विषाणूचा डीएनए तोडतात. भर दुपारी फवारलं तर काही तासांत जोर निम्म्याहून खाली येतो. म्हणून फवारणी संध्याकाळी, आणि पंपात कपड्याला घालतो ती नीळ. ही नीळ मला फार जवळची वाटते. प्रयोगशाळेत जेलवरची पट्टी दिसावी म्हणून मी जो कुमासी निळा रंग वापरते तोही मुळात लोकर रंगवायचा. दादांच्या पंपात एक निळा, माझ्या ट्रेमध्ये एक निळा. आमचे दोघांचेही हात त्या दिवसांत निळे असतात. कपडे चमकवणाऱ्या काही पावडरी तर दुहेरी कामाच्या आहेत. ऊन अडवतातच, शिवाय अळीच्या आतड्याला आतून जे कायटिनचं अस्तर असतं तेही सैल करतात. विषाणूची वाट मोकळी होते.

आणि आता आंब.

हरभऱ्याच्या पानांवर पहाटे खारट-आंबट दव असतं. रानातून चालत गेलं की पिंडऱ्यांना चरचरतं. आजी रात्री धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरायची, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरायची. पोट दुखलं की दोन थेंब पाण्यातून. पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, तीच ही आंब.

आता असं आहे की टोमॅटोवर हा विषाणू उत्तम चालतो, पण हरभऱ्यावर तितका चालत नाही. कपाशीवरही कमी चालतो, पण तिथे बोट दुसरीकडे दाखवलं जात होतं. कपाशीच्या पानावरचं दव अल्कधर्मी असतं, त्यात विषाणूचा जोर कमी होतो. हरभऱ्यावर संशय साहजिकच आंबेवर गेला. मलाही वाटायचं, एवढं आम्ल आहे, तेच काहीतरी करत असणार. २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आंब निर्दोष ठरली. मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांनी विषाणूला काहीच केलं नाही. विषाणू निकामी करणारी निघाली ती पानातली आयसोफ्लॅव्होनॉइड गटातली दोन रसायनं, सिसोट्रिन आणि बायोकॅनिन-ए, पानात अगदी थोडी असणारी. आणि त्याहून महत्त्वाचं, फवारा मारल्यावर तासाभरात पानातलं त्यांचं प्रमाण तिपटीपर्यंत वाढलं. विषाणू न घालता नुसतंच द्रावण फवारलं तरी वाढलं. झाडाला विषाणू कळत नाही, फवारा कळतो.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण ज्या पिकाला वाचवायला जातो, ते पीक स्वतःच्या बचावासाठी जे करतं त्यात आपलं औषध सापडतं. कुणाची चूक नाही ह्यात. माझं सध्याचं काम इथंच आहे: हरभऱ्याच्या पानावर तासभर बसलेला स्फटिक उचलून आणायचा आणि त्याची प्रथिनं न बसलेल्या स्फटिकाशेजारी जेलवर चालवून पाहायची. पेटी बिघडते का? पेटीवर जे पातळ आवरण असतं ते? की पेटी तशीच राहते आणि आतल्या पिफ किल्ल्या वाकतात? काम चालू आहे. हाती काही लागलं की लिहीन.

माझी मावशी बीड जिल्ह्यात रेशमाचं शेड चालवते. तिच्याकडे गेले की मला नेमकी उलटी बाजू दिसते. रेशीमकिड्याला होणारा ग्रासरी रोग ह्याच कुळातल्या विषाणूचा. विषाणू वेगळा आहे, आपलं एचएएनपीव्ही रेशीमकिड्याला लागत नाही, पण पेटी तशीच, पॉलिहेड्रिनचीच. अळी फुगते, दुधाळ होते, रॅकच्या कडेवरून लोंबते. मावशी शेड धुताना जंतुनाशकात चुना घालते, उंबऱ्यावर चुना पसरते. "सगळेच टाकतेत," एवढंच तिला माहीत होतं. मी तिला सांगितलं की चुना अल्कधर्मी आहे, तो पेटी विरघळवतो. पेटी गेली की उघडा पडलेला विषाणू अळीच्या पोटाबाहेर फार टिकत नाही. मग जंतुनाशक त्याला सहज गाठतं. तिने चुन्याच्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजी तू शेतात पेटी टिकवायलीस आन् मी हितं फोडायले." इतकं नेमकं माझ्या प्रबंधातही कुठे लिहिलेलं नाही.

पुण्याच्या लोकांसाठी एक गोष्ट. पॉलिहेड्रिन विषाणू इतक्या प्रचंड प्रमाणात बनवतो, पण पेशींच्या डिशमध्ये वाढायला त्याला ते लागतच नाही. मग त्या जनुकाच्या जागी दुसरं हवं ते जनुक बसवलं तर? १९८३ मध्ये टेक्सासमध्ये स्मिथ आणि समर्स यांनी मानवी इंटरफेरॉन असं बनवून दाखवलं. त्याच युक्तीने पुढे नोव्हाव्हॅक्सची कोविड लस बनली. ती आपल्याकडे सीरम इन्स्टिट्यूटने कोव्होव्हॅक्स नावाने काढली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिला भारतात आपत्कालीन मंजुरी मिळाली. त्यात लागणाऱ्या पेशी एका लष्करी अळीच्या अंडाशयातून आलेल्या आहेत, २०१८ पासून आपल्या मक्यावर जी आली त्याच जातीच्या. दादा मक्याला शिव्या देत होते तेव्हा मी हे सांगितलं होतं. "मग एक तरी काम चांगलं केलं म्हणायचं तिनं," म्हणाले.

गेल्या शनिवारी मी गावी जाऊन आले. थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि दोन बाटल्या, ह्या वेळी चांगल्या, मी अळ्यांना खाऊ घालून तपासलेल्या. पहिल्या फवाऱ्यातून सुटलेल्या अळ्यांसाठी आणि उशिरा पेरलेल्या तुकड्यासाठी. साडेपाचला ऊन कलल्यावर दादांनी पंप पाठीवर घेतला. मी मागून ओळी धरत होते. नीळ घातल्यामुळे पानांवर फिकट निळे थेंब दिसत होते. सात ओळींनंतर दादा थांबले, वाकले, पानाखालून एक दोऱ्याएवढी हिरवी अळी नखावर घेऊन मला दाखवली आणि परत त्याच पानावर ठेवली. मारली नाही. "खाऊ दे तिला," म्हणाले.

रात्री आईने न फवारलेल्या कडेच्या तासांवर फडकं अंथरलं. पहाटे धुक्यात आम्ही दोघींनी ते पिळलं. कपभर आंब निघाली. आंब निर्दोष आहे हे मला माहीत आहे, तरी आमच्या रानातली, आमच्या वाणाची एकदा स्वतः तपासायची आहे. सध्या ती उणे वीसच्या फ्रीझरमध्ये आहे, माझ्या नमुन्यांच्या शेजारी. बाटलीवर चिकटपट्टी लावून आईने तिच्या अक्षरात लिहिलंय: "आंब. विहिरीकडचा तुकडा. पिऊ नये, प्रयोगाची आहे."